फणसाच्या लाकडाची बैठक

भुईगावच्या घरात आजी-आजोबांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस होता आणि रिचेल सकाळपासून तिसऱ्यांदा आपला रेकॉर्ड प्लेअर पुसत होती. लग्नात ज्या रेकॉर्डवर ते दोघं नाचले, ती आज तिच्या प्लेअरवर वाजणार होती.

प्लेअर तसा जुनाच. त्याचा सुई धरणारा दांडा कधीच मोडला होता. आग्नेल आजोबांनी दुसरा दांडा मिळवला, पण तो बसवायला जागा जमेना. "मग जागा आपणच करू," म्हणत त्यांनी वाडीतल्या फणसाचा ठोकळा नातीपुढे ठेवला. पहिलं भोक दोन मिलिमीटर चुकलं. रेकॉर्डच्या शेवटी ट्रम्पेट बोकडासारखा ओरडू लागला. आजोबा हसले.

"सुई कुणाची भीड ठेवत नाही गो बाय. रेकॉर्ड अडकते त्या मधल्या खिळ्यापासून पुन्हा मोज."

दांड्याची दुसरी बैठक नीट जमली. आणि आज नेमके शेजारचे युजीन अंकल आपला परदेशी प्लेअर घेऊन हजर! एवढा मोठा की दोन्ही हातांनी कवेत धरून आणावा लागला.

"वाईट वाटून घेऊ नको हां रिचेल," ते म्हणाले. "पण या यंत्रापुढे तुझा पाट काय टिकणार?"

"आजीला ठरवू द्या की!"

सालोमी आजी डोळे मिटून बसली. तीच रेकॉर्ड दोन्हींवर वाजली.

"युजीनचं जास्त स्वच्छ," आजी म्हणाली. "ट्रम्पेटवाल्याचा श्वाससुद्धा ऐकला मी."

रिचेलचं तोंड एवढंसं झालं. आजोबांनी हळूच विचारलं, "तुला काय वाटलं?"

"त्यांचंच चांगलं," ती पुटपुटली.

"शाब्बास. कान तयार झाले तुझे."

संध्याकाळी माडीवर पाहुणे जमले. परदेशी प्लेअर सुरू झाला, आजी-आजोबांनी पहिली गिरकी घेतली, मागोमाग सगळे नाचायला उतरले आणि लाकडी जमीन दणाणली. सुईनं टुणकन उडी मारली ती थेट गाण्याच्या शेवटी.

"अरे, हळू नाचा!" अंकल ओरडले.

"तू तुझ्या लग्नात हळू नाचलास का रे?" आजीनं सुनावलं.

पुन्हा लावली, पुन्हा उडी. आजीचा चेहरा पडला. रिचेलनं जमिनीला हात लावला, तर ती थरथरत होती. प्लेअरखालचं टेबलही थरथरत होतं. मग तिनं खिडकीच्या दगडी कट्ट्यावर तळवा टेकला.

"आजोबा, भिंत हलत नाही!"

अंकलनी आपलं यंत्र कट्ट्यावर ठेवून पाहिलं. ते निम्मं बाहेर लोंबायला लागलं. "नको रे बाबा, खाली विहीर आहे!" म्हणत त्यांनी ते छातीशी धरलं. तोवर रिचेल आपला प्लेअर घेऊन धावत आली. तो कट्ट्यावर अगदी नेमका मावला.

ट्रम्पेट वाजला. जमीन पुन्हा दणाणली. सुई मात्र आपल्या वाटेनं शेवटापर्यंत निमूट चालत राहिली.

"पुन्हा लाव गं!" आजी धापा टाकत म्हणाली.

रिचेल सुई उचलत असताना युजीन अंकल तिच्या कानाशी वाकले. यंत्र अजून त्यांच्या कवेतच होतं.

"फणसाचं लाकूड उरलंय का गो थोडं?"