ओदिलोन आजोबांचा श्वास आणि मी

मित्रांनो, कपाटाचं दार जरा उघडं ठेवा, म्हणजे नीट बोलता येईल. मी एक जुना श्वासमापक. माणसाने छाती भरून श्वास घ्यायचा, माझ्या नळीत फुंकायचा, की माझा भाता फुगायचा आणि कागदावर रेघ चढायची. बेल्जियममधल्या या गावात गिरणी कामगारांपासून शाळकरी पोरांपर्यंत सगळे माझ्यात फुंकून गेले. तेव्हा माझ्या शब्दाला मान होता.

मग एका वसंतात ओदिलोन आजोबा आले. जिना चढून धापा टाकत होते. माझी रेघ निम्म्यावरच अडली. डॉक्टर ग्रीट ओरडल्या, "फुंका, अजून, अजून!" पण रेघ हलेना.

"आजोबा, धुळीत काम करता का?"

"छे हो! बायको घरात कण टिकू देत नाही."

शरद ऋतूत नवं यंत्र आलं. त्यावर आजोबांचा आकडा झकास!

"बघा डॉक्टरबाई, म्हातारा मी नाही, हा तुमचा डबा झालाय!"

सगळे हसले. माझी रवानगी कपाटात झाली. खरं सांगूनही खोटा ठरलो, फार लागलं हो मनाला. अंधारात कुणी फुंकर घालायलाही नव्हतं.

पुढच्या वसंतात दाराआडून आजोबांचा खोकला ऐकू आला. आता नव्या यंत्राचाही आकडा पडला.

"हेही बिघडलं वाटतं," आजोबा पुटपुटले.

"दोन्ही कशी बिघडतील? गेल्या वेळी येण्याआधी कुठे होतात?"

"लेकीकडे, समुद्रकाठी. चांगला महिनाभर. कबुतरं मेहुण्याकडे सोपवून."

"कबुतरं?"

"पोटमाळ्यावर ढाबळ आहे ना! कबुतरांच्या शर्यती जवळ आल्या, रोज मीच झाडतो."

"अहो, मग धूळ नाही म्हणालात ते?"

"कबुतरांची ती का धूळ असते, बाई?"

"तीच छातीत बसलीय, आजोबा. समुद्रकाठी ती नव्हती, म्हणून श्वास सुधारला; जुन्या डब्याचा आणि या यंत्राचा, दोन्ही आकडे खरेच होते. कबुतरं देऊन टाका, नाहीतर हा श्वास परत येणार नाही."

आजोबा म्हणाले, "हातावर दाणे भरवून वाढवलीत हो."

पानगळीत ते पुन्हा आले. जिन्यावर धाप नव्हती, आकडाही चढला होता. डॉक्टरबाई बाहेर गेल्यावर त्यांनी माझं कपाट उघडलं.

"चुकलं रे माझं, डब्या. पोटमाळा फार शांत झालाय बघ."

मग ते गेले.

मित्रांनो, दोघांचं म्हणणं जुळलं नाही, तर एकाला खोटं ठरवायची घाई करू नका. मधल्या काळात काय घडलं, ते आधी विचारा. आणि हो, जाताना दार उघडंच राहू द्या.