बंद माइकमधला श्वास

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातल्या एका लहानशा गावाच्या नगरसभेत माझी एकवीस वर्षं गेली. मंगळवारी ज्याला काही सांगायचं असेल त्याने माझ्यासमोर यावं आणि तीन मिनिटांत आटपावं, असा तिथला नियम. खड्डे, भटकी कुत्री, शेजाऱ्याचं झाड, सगळं मी निमूट ऐकलं. "आवाज काय खणखणीत आहे!" असं माझं कौतुकही झालं.

मग अर्नेस्टीनबाई नावाच्या एक कृष्णवर्णीय बाई येऊ लागल्या. त्यांचा दमेकरी मुलगा डेल्विन पोलीस कोठडीत मेला. औषधाचा पंप मागत राहिला, कुणी दिला नाही. "ते प्रकरण इथे नको, बाई," म्हणत अध्यक्ष हचिन्स बटण दाबून मला बंद करायचे. कारकून वांडा इतिवृत्तात लिहायची, 'एका महिलेची वैयक्तिक तक्रार'. पोराचं नाव तरी लिहा, एवढंच बाईंचं मागणं होतं. मला फार लाज वाटे.

त्या उन्हाळ्यात देशभर कृष्णवर्णीयांच्या न्यायासाठी मोर्चे निघाले, आमच्या गावातही निघाला. पुढच्या मंगळवारी सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. चर्चमधले म्हातारे ओटिस पुढे आले.

"माझी तीन मिनिटं आमच्या भगिनी अर्नेस्टीनला."

"वेळ दुसऱ्याला देता येत नाही!" अध्यक्ष खेकसले.

"बरं. गप्प उभं राहायला तर परवानगी लागत नाही ना?"

ते गप्प उभे राहिले. त्यांच्यानंतर दुसरा, मग तिसरा. तिसऱ्याच्या वेळी मला श्वास ऐकू आला. तो समोरच्याचा नव्हता. शीळ घातल्यासारखा, अडकत येणारा तो श्वास कर्ण्यांतून सभागृहभर घुमू लागला. अध्यक्षांनी बटण दाबलं. माझा दिवा विझला, पण श्वास चालूच. मी स्वतःच भ्यालो.

"वांडा, तार उपट!"

"केव्हाच उपटलीय, साहेब."

अर्नेस्टीनबाई उठल्या. "घाबरू नका रे. माझ्या लेकाचा दमा आहे हा. उशाशी बसून रात्री काढल्यात मी."

अध्यक्षांच्या तोंडचं पाणी पळालं. "लिही, वांडा," ते पुटपुटले. "विषय, डेल्विन पर्डीचा मृत्यू."

वांडाने लिहिलं. श्वास थांबला.

पुढे न्हाव्याच्या दुकानात, शाळेत लोक कडाकडा भांडले, पण नाव घेऊन भांडले. 'ते प्रकरण' कुणी म्हणेना. मला मात्र कपाटात टाकलं. माझ्याजवळ एकटं थांबायला आजही कुणी धजत नाही.

मित्रांनो, माझी धूळ झटकली नाहीत तरी चालेल. पण माणसाचं जिवंतपणी ऐका. मेल्यावर ऐकावंच लागतं, आणि तेव्हा बटण चालत नाही.