बिरदेवाची कुऱ्हाड

मित्रांनो, मी एक जुनी कुऱ्हाड आहे. माझा दांडा किडला आहे, पात्याला गंज चढला आहे. पण या पात्याने माणसाचे रक्त सांडले आहे, म्हणून माझी हकीकत ऐका.

सोलापुरात गिरण्यांचे भोंगे वाजत, त्या काळी तिथल्या एका लोहाराने मला लाल तापवून घणाखाली बडवले. बिरदेव धनगराने मला लांब दांडा बसवला आणि शहराबाहेरच्या माळावर नेले. बाभळीचे शेंडे तोडून मी शेळ्यांना पाला घातला. एकदा कळपात शिरलेल्या लांडग्याची कवटी मी एका घावात फोडली. बिरदेवाने मला भंडारा लावला, तेव्हा मी अगदी फुशारून गेले.

धाकटा भाऊ सिद्धनाथ बिरदेवाच्याच घरी राहायचा. एका दुपारी राखणीला असताना त्याचा डोळा लागला आणि लांडग्यांनी एडका फाडला. तो एडका बिरदेवाने हाताने दूध पाजून वाढवला होता. संतापाच्या भरात तो भावाला नको ते बोलला. त्या दिवशी दोघांनी अबोला धरला. पण बिरदेवाची बायको केराबाई हिने एकाच ताटात वाढले, तेव्हा दोघेही मुकाट्याने जेवले. राग निवळला असता.

पण शेजारच्या वस्तीवरचा ज्ञानबा मध्ये पडला. माणूस वाईट नव्हता. दुसऱ्याचे भांडण दिसले की त्याला राहवतच नसे. तो आधी सिद्धनाथाला म्हणाला, "दादा तुला आयतखाऊ म्हणतोय. येगळा हो की."

मग बिरदेवाला गाठून म्हणाला, "सिद्धा वाटणी मागतोय. मी मिटवतो, तू काळजी करू नगंस."

"भावजी, ऱ्हाऊ द्या. त्येंचं त्ये बघतील," केराबाई म्हणाली. ज्ञानबाने ऐकले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याने दोघांना अंगणात समोरासमोर बसवले. "हं, आता मनातलं समदं भाईर काढा!"

दोघांनी काढले. शिव्या मेलेल्या आईपर्यंत गेल्या. सिद्धनाथाने दगड हाणला, बिरदेवाचे कपाळ फुटले. रक्ताने आंधळा झालेल्या बिरदेवाच्या हाताला माझा दांडा लागला. मला थांबता आले नाही, मित्रांनो. डोके वाचवायला सिद्धनाथाने डावा हात वर केला आणि त्याची बोटे धुळीत पडली. ज्ञानबा तोवर कुंपण ओलांडून पळाला होता.

केराबाईने पदर फाडून हात आवळला आणि गाडी जुंपून सोलापूरचा दवाखाना गाठला. तिथे फौजदाराने विचारले, तेव्हा सिद्धनाथ म्हणाला, "पाला तोडताना माझ्याच हातनं लागलं."

बिरदेवाने मला आढ्यात खोचले, ते कायमचे. तिथून मी बघत असे. सिद्धनाथाला एका हाताने पटका बांधता येईना. रोज सकाळी तो भावापुढे येऊन बसे आणि बिरदेव तो बांधून देई.

एकदा ज्ञानबा आला. "बिरदेवा, असं न्हाय. आण हिकडं, मी बांधतो," म्हणत त्याने हात घातला.

सिद्धनाथाने थोट्या हाताने त्याला मागे लोटले. "मागं सर, ज्ञानबा. दादा बांधतोय की."

बोटे तुटली त्या दिवसानंतर 'दादा' हा शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदाच आला होता. बिरदेवाच्या हातून पटका सुटला. त्याने तो उचलला, झटकला आणि पहिल्यापासून बांधायला घेतला.

मित्रांनो, मला पुन्हा धार लावू नका, इथेच राहू द्या. आणि दोन माणसे रुसून बसली असतील, तर त्यांना थोडा वेळ एकटे सोडा.