डॉक्टर लॉसनचं पत्र

कुवेतमधल्या वफ्राच्या शेतावरचं अख्खं हरितगृह एकदा वाऱ्याने उचललं आणि टोमॅटोंसकट सौदीच्या हद्दीत नेऊन ठेवलं, तेव्हा तिथल्या शिपायाने टोमॅटोंकडे व्हिसा मागितला होता. हे सदानंदाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात खैतानच्या बसथांब्यावर एक उंट रोज सकाळी सातच्या बसला येऊन उभा राहायचा आणि बस चुकली की तोंड पाडून परत जायचा, हेही त्याने पाहिलं होतं. सदानंदाने पाहिलेल्या गोष्टींचं एक होतं, त्या पाहताना त्याच्या शेजारी दुसरं कुणीही नसायचं.

अशा माणसाला सत्तराव्या वर्षी घाम फुटला. तोही डिसेंबरात, खैतानमध्ये मुलाच्या घरी, पंखा चालू असताना.

झालं असं की सूनबाई उल्का मोबाइल नाचवत स्वयंपाकघरातून आली. "बाबा, हे बघा! शुक्रवारी मराठी मंडळात प्रकट मुलाखत. हॉलिवूडचे ज्येष्ठ अभिनेते वेंडेल मॅक्रे. त्यांची मुलगी इथे शाळेत शिकवते, तिच्याकडे आलेत. आणि मुलाखतकार कोण? तुम्ही! मंडळाच्या सुमेधाताईंनी तुमचा फोटोसुद्धा टाकलाय."

"मला न विचारता?"

"विचारायचं काय त्यात? तुमचा मित्रच ना तो. ते पत्र पाठवणारा."

सदानंदाने चहाचा कप खाली ठेवला. बशी चुकली.

त्या पत्राची हकिगत अशी. ऐंशीच्या दशकात सदानंद आणि राजन एकाच खोलीत राहायचे, इथेच खैतानला. सदानंद कोकणातला, कारखान्यात फिटर. राजन पुण्याचा, नुकताच इंजिनिअर झालेला, चार वर्षांनी लहान. करमणूक म्हणजे एक टीव्ही, आणि त्यावर आठवड्यातून एकदा लागणारी अमेरिकन हॉस्पिटलची मालिका. तिच्यातला डॉक्टर लॉसन म्हणजे हा वेंडेल मॅक्रे. उंच, कानशिलावर जरा पांढरा, आवाज असा की ऐकणाऱ्याचा ताप उतरावा.

आता कुवेतच्या टीव्हीवर चुंबन-आलिंगनाला कात्री लागायची. त्यामुळे व्हायचं काय, की डॉक्टर लॉसन एखाद्या बाईच्या खोलीत शिरायचा, दार लागायचं, चित्र एक उडी मारायचं, आणि डॉक्टर टाय सारखा करत बाहेर यायचा. थकलेला, पण समाधानी. पाहणाऱ्याला वाटावं, काय राबतो बिचारा! त्या बायकांचे नवरे चिडायचे, त्याच्यावर हात उगारायचे, तो मान खाली घालून सोसायचा. का, ते कधी कळायचं नाही. इमारतीतल्या सगळ्या मराठी पोरांना त्या सोशिकपणाने गहिवरून यायचं.

"मधे काय झालं असेल रे?" राजन विचारायचा.

आणि मधलं सगळं सदानंद सांगायचा. डॉक्टरने त्या बाईला इंजेक्शन दिलं, सुई दाखवली तर लहान मुलं घाबरतात म्हणून कापलं. डॉक्टरने तिला स्वतःचं रक्त दिलं. डॉक्टर तिच्या आईला पत्र लिहीत बसला होता. हे तुला कसं ठाऊक, असं कुणी विचारलंच तर सदानंद शांतपणे म्हणायचा, "मी त्याला पत्र टाकतो. तो कळवतो."

एकोणनव्वदमध्ये राजनचा खोकला बळावला. दिवसाला दोन पाकिटं ओढायचा. सदानंद सांगून थकला, घरून आईची पत्रं येऊन थकली. शेवटी सदानंदाने एक निळा कागद आणला आणि एका दुपारी, राजन ड्यूटीवर असताना, डाव्या हाताने इंग्रजीत पत्र लिहिलं. डाव्या हाताने, कारण अमेरिकन लोक बहुतेक डावखुरेच असतात अशी त्याची पक्की समजूत होती. 'प्रिय राजन, तुझा मित्र कळवतो की तू फार सिगरेट ओढतोस. मीही ओढायचो. एक दिवस जिन्यात माझा श्वास संपला आणि वरच्या मजल्यावर माझा पेशंट वाट पाहत होता. तू तरुण आहेस. तुझ्याही वरच्या मजल्यावर कुणीतरी वाट पाहत असेल. तुझा, डॉ. लॉसन ऊर्फ वेंडेल मॅक्रे.'

राजनने ते तीनदा वाचलं, खिडकी उघडली आणि सिगरेटचं पाकीट खाली भिरकावलं. ते एका इजिप्शियन न्हाव्याच्या डोक्यावर पडलं, असं सदानंद पुढे सांगायचा. राजनने पुन्हा सिगरेटला हात लावला नाही, एवढं मात्र सगळ्यांनी पाहिलेलं.

पत्र राजनने पुढे लॅमिनेट केलं. छत्तीस वर्षं ते त्याच्याकडे होतं. आणि उल्काने मोबाइल खाली ठेवला न ठेवला तोच राजनचा फोन आला.

"सदाभाऊ! शुक्रवारी मी घ्यायला येतो. पत्र आणतोय. स्टेजवर त्याच्याच हातात देणार, म्हणणार, डॉक्टर, हा बघा तुमचा पेशंट. बास, एवढंच बोलणार मी. जास्त बोललो तर रडू येईल."

"अरे, म्हातारा झालाय तो. त्याला कुठलं आठवायला?"

"मला आठवतं ना! चालेल."

पुढचे चार दिवस सदानंदाने पळवाटा शोधल्या. त्याने सुमेधाला फोन करून सांगितलं की घसा बसलाय. ती म्हणाली, "काका, इतक्या खणखणीत आवाजात घसा बसलेला मी पहिल्यांदाच ऐकतेय." त्याने विचार केला की वेंडेलला आधीच गाठून सारं सांगावं, पण तो मुलीबरोबर वाळवंटात तंबूत राहायला गेला होता, थेट शुक्रवारीच परतणार होता. भाषांतरात काही सारवासारव करावी, तर हॉलमध्ये बसणार बँकेतली आणि आयटीतली माणसं. सगळ्यांना इंग्रजी येत होतं, हीच पंचाईत. उरला एकच मार्ग, जो सदानंदाने आयुष्यात फारसा वापरला नव्हता.

शुक्रवारी संध्याकाळी राजनची गाडी आली. राजनने सूट घातला होता. मागच्या सीटवर एका फाइलमध्ये पत्र होतं, आणि फाइलला सीटबेल्ट लावलेला होता.

रिंग रोडवर गाडी लागली तेव्हा सदानंद म्हणाला, "राजन, ते पत्र मी लिहिलं."

"कुठलं?"

"ते मागचं. बेल्ट लावलेलं. त्याने नाही, मी. डाव्या हाताने. मी त्याला कधी पत्रच टाकलं नाही. पत्ताच नव्हता."

एक सिग्नल गेला, दुसरा गेला. राजनने गाडीचा वेग वाढवला नाही की कमी केला नाही. सदानंदाला वाटलं, ओरडला असता तर बरं झालं असतं.

"नव्वद साली," राजन शेवटी म्हणाला, "लढाई झाली तेव्हा आपली ताटातूट झाली. तू आधीच सुट्टीवर गेला होतास. मी बसने बगदाद, तिथून अम्मान. टीव्ही टाकला, कपडे टाकले, डिग्रीच्या झेरॉक्स टाकल्या. हे पत्र बुटात घातलं, तळव्याखाली. रस्त्यात दोनदा इराकी सैनिकांनी सगळ्यांना खाली उतरवलं. अमेरिकन माणसाचं पत्र, सदाभाऊ. त्या दिवसांत. सापडलं असतं तर तुझ्या डाव्या हाताच्या अक्षरापायी मेलो असतो मी."

सदानंदाने मागे वळून बेल्ट लावलेल्या फाइलकडे पाहिलं.

"मला हे ठाऊक नव्हतं," तो म्हणाला.

"तुला ठाऊक नाही असं काही असतं, हे आज कळलं." राजनने गाडी सालमियाच्या हॉलसमोर लावली, फाइलचा बेल्ट काढला आणि ती बगलेत धरून मागे न बघता आत गेला.

हॉल गच्च भरला होता. पुढच्या रांगेत पांढऱ्या केसांचे, त्या काळचे सगळे जमले होते. वेंडेल मॅक्रे आला. ऐंशीच्या पुढचा, काठी घेतलेला, नाक उन्हाने लाल झालेला. तो दारातून आत आला मात्र, पुढची रांग उठून उभी राहिली. कुणीतरी "डॉक्टरसाहेब!" म्हणालं. वेंडेलने मागे वळून पाहिलं, आपल्यामागून कुणी डॉक्टर येतोय का म्हणून.

सुमेधाने शाल पांघरली, हातात नारळ दिला आणि परिचय वाचला. "रुग्णसेवेचा आदर्श… निष्कलंक चारित्र्य… स्त्रियांविषयी अपार आदर…" हे ती इंग्रजीत वाचत होती. वेंडेलची मुलगी पहिल्या रांगेत बसली होती. 'निष्कलंक'ला तिने रुमाल काढला, 'अपार आदर'ला तो तोंडात कोंबला.

सदानंद वेंडेलच्या समोरच्या खुर्चीत बसला. डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्याला तिसऱ्या रांगेतला राजन दिसत होता. फाइल मांडीवर, चेहरा कोरा.

मुलाखत मात्र चांगली चालली. गोष्ट सांगणाऱ्याला गोष्ट सांगणारा भेटला की चालते. वेंडेलने सांगितलं, त्याचे वडील एका छोट्या गावात खिळे-मोळे विकायचे. तो घरातून निघाला तेव्हा वडील म्हणाले, जमलं नाही तर ये, खिळे कुठे जात नाहीत. पहिली भूमिका प्रेताची होती. दिग्दर्शक म्हणाला, पोरगा छान पडून राहतो. मग सतरा सिनेमे केले, त्यातल्या नऊंत मेला. टूथपेस्टच्या जाहिरातीत दात दुसऱ्याचे होते. मग डॉक्टर लॉसन, तब्बल अकरा वर्षं.

"आमच्याकडे त्याला काय समजायचे, माहीत आहे?" वेंडेल म्हणाला. "दुकानात एका आजीबाईने मला पर्सने मारलं. चर्चमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी राहायची. मालिका संपल्यावर कामच मिळेना. सगळे म्हणायचे, हा तो नीच माणूस. मग पंधरा वर्षं संध्याकाळच्या शाळेत मुलांना नाटक शिकवलं. आणि इथे तुम्ही माझ्यासाठी उभे राहिलात. का ते मला अजून कळलेलं नाही, पण कृपा करून कुणी सांगू नका."

पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी हात वर केला. "डॉक्टर, ते कापलेले भाग. बायकांच्या खोलीत तुम्ही नक्की काय करत होता?"

वेंडेलने आजोबांकडे पाहिलं, मग शाल सारखी केली, मग सदानंदाकडे पाहिलं. सदानंदाने हळूच हाताने इंजेक्शन टोचल्यासारखं केलं. वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या इशाऱ्यावर उभं राहायची सवय असलेला माणूस तो.

"औषधोपचार," वेंडेल गंभीरपणे म्हणाला. टाळ्या पडल्या. मुलगी रुमालासकट बाहेर गेली.

आणि मग राजन उठला. सावकाश पायऱ्या चढला, फाइल उघडली आणि ते निळं, कडेला बुटाची घडी पडलेलं पत्र वेंडेलच्या हातात दिलं. माइक घेतला.

"सर, छत्तीस वर्षांपूर्वी मी दिवसाला चाळीस सिगरेटी ओढत होतो. हे पत्र आलं आणि सोडल्या. मला वाटायचं, हे तुम्ही लिहिलंय. आज इथे येताना वाटेत कळलं की या माणसाने लिहिलंय." त्याने सदानंदाकडे बोट दाखवलं. "माझ्या खोलीत राहून. माझ्याच टेबलावर."

हॉलमध्ये कुजबुज उठली. उल्काने कपाळाला हात लावला. सदानंद जागचा हलला नाही. कुठे बघावं ते न कळल्याने तो नारळाकडे बघत राहिला.

वेंडेलने चष्मा लावला. सगळं पत्र वाचलं. जिना, श्वास, वरचा मजला. मग पुन्हा वाचलं. मग सदानंदाला विचारलं, "तुम्ही लेखक आहात?"

"फिटर," सदानंद म्हणाला.

"मी आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेलं बोललो," वेंडेल राजनला म्हणाला. "अकरा वर्षं दर आठवड्याला एक माणूस मला कागद द्यायचा आणि खाली माझं नाव लागायचं. त्यातल्या एका वाक्यानेही कुणी काही सोडलं नाही. बायकोने मला सोडलं, तेवढंच. हे बोलायला मला आवडलं असतं. मला कुणी दिलंच नाही."

"म्हणूनच आणलंय," राजन म्हणाला आणि खिशातून पक्क्या शाईचं पेन काढलं. "सही करा."

वेंडेलने लॅमिनेशनवर, त्या वाकड्यातिकड्या डावखुऱ्या सहीच्या खाली, ठळक सही केली. उजव्या हाताने. सदानंदाची एक जुनी समजूत तिथल्या तिथे कोसळली.

राजनने सहीवर फुंकर मारली. पत्र सदानंदासमोर धरलं. "आता खरं झालं. आता तू काय ते बोल."

"मी काय बोलू?"

"वा! एवढी माणसं समोर बसलीत आणि तू मला विचारतोस?"

सदानंद उठला. माइक हातात घेतला, आणि काय आश्चर्य, त्याच्या तोंडून तीनच शब्द निघाले. "राजन, माझं चुकलं." मराठी मंडळाच्या इतिहासातलं ते सर्वांत छोटं भाषण. पुढे बटाटेवडे होते म्हणून कुणी तक्रार केली नाही.

परतताना पत्र मागच्या सीटवर होतं, बेल्ट लावलेलं. समुद्राचा वारा यावा म्हणून राजनने काच खाली केली होती.

"न्हाव्याच्या डोक्यावर पाकीट पडलं होतं?" राजनने विचारलं.

"नाही. रस्त्यावर पडलं."

"टोमॅटोंचा व्हिसा?"

"तेही नाही."

खैतानचा थांबा आला. दिव्याखाली दोघंचौघं बसची वाट बघत होती. राजनने गाडी हळू केली. "आणि तो उंट?"

सदानंदाने खिडकीतून थांब्याकडे नीट निरखून पाहिलं.

"उंट होता," तो म्हणाला. "उंटाबद्दल मी कधी खोटं बोललो नाही."