खाटेवरून न चालणारा रिमोट

मित्रांनो, माझ्या अंगावर कोणत्याही कंपनीचे नाव नाही. टीव्ही घेतला की त्याच्या खोक्यात त्याचा रिमोट असतोच. मी तसा कुणाच्या सोबतीने आलो नाही. 'कोणत्याही टीव्हीला चालेल' एवढेच माझ्या पाकिटावर छापले होते. एका कारखान्यात काळ्या प्लास्टिकच्या दोन भागांमध्ये रबरी बटणे बसवून मला बंद केले आणि पुढच्या टोकाला एक छोटा दिवा लावला. त्या दिव्याचा उजेड माणसांच्या डोळ्यांना दिसत नाही. तीच माझी बोली. प्रत्येक बटणाची लुकलुक वेगळी असते आणि समोरचे यंत्र ती ओळखते.

मग मी हुपरीला आलो. या गावात घराघरांत चांदीचे पैंजण घडतात. एसटी स्टँडजवळ सोहेलचे दुरुस्तीचे दुकान होते. तिथे चार्जर आणि मोबाइलची कव्हरे यांच्यामध्ये एका खिळ्याला मी वर्षभर लटकत होतो. गिऱ्हाइके येत, मला उलटसुलट करून बघत आणि शेवटी आपापल्या कंपनीचा रिमोट मागत. उन्हाने माझे पाकीट पिवळे पडले. एकदाही न बोलताच आपण म्हातारे होणार, असे मला वाटू लागले होते.

एका शनिवारी दुपारी अनुजा दुकानात आली. ती हातकणंगल्याच्या एका शाळेत शिकवत होती. बसमधून उतरून ती थेट इकडेच आली होती. तिने पिशवीतून तीन रिमोट काढून काउंटरवर ठेवले. एक टीव्हीचा, एक सेटटॉप बॉक्सचा आणि एक गाण्यांच्या स्पीकरचा. तिच्या सासूबाईंना, शालूबाईंना, दोन वर्षांपासून नीट दिसत नव्हते. नजरेच्या मधोमध डाग पडला होता. कडेचे थोडेफार दिसे, समोरचे काहीच नाही. चष्म्याने किंवा ऑपरेशनने यात फरक पडणार नाही, असे कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितले होते. अनुजा शाळेत आणि तिचा नवरा विजयसिंह कारखान्यात गेला, की शालूबाई सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत घरात एकट्याच असत. सोबतीला फक्त टीव्ही. पण तिन्ही रिमोट त्यांच्या हाताला सारखेच लागत. मागच्या आठवड्यात त्यांच्याकडून भलतेच बटण दाबले गेले, टीव्ही मुका झाला आणि त्या दिवसभर तशाच बसून राहिल्या. कुणाला फोनसुद्धा केला नाही.

सोहेलने सगळे ऐकून घेतले आणि मला खिळ्यावरून काढले.

"वैनी, ह्यो घ्या. तिन्हीचं काम एकटा करतोय. पर ह्येला शिकवायला लागतंय. कोरा हाय अजून."

दुसऱ्या दिवशी रविवारी माझी शाळा भरली. अनुजाने मला टेबलावर ठेवले आणि टीव्हीचा जुना रिमोट माझ्यासमोर, नाकाला नाक लावून. ती त्याचे एकेक बटण दाबी, तो लुकलुके आणि मी ती लुकलुक साठवून घेई. त्याची बटणे झिजून गुळगुळीत झाली होती आणि कमरेला चिकटपट्टी होती. सहा वर्षांत जमवलेले सगळे त्याने मला अर्ध्या तासात देऊन टाकले. नंतर त्याला ड्रॉवरमध्ये ठेवले. त्याचा तो शांतपणा मला अजून आठवतो. मग बॉक्सच्या रिमोटकडून चॅनेल बदलायला आणि स्पीकरच्या रिमोटकडून गाणी लावायला मी असाच शिकलो.

सुरुवातीला फजिती झाली. एकाच बटणाने टीव्ही आणि बॉक्स दोन्ही सुरू व्हावेत, असे अनुजाने ठरवले होते. पण बॉक्स आधीच चालू असला, तर त्याच बटणाने तो बंद होई. एकाला जाग आली की दुसरा झोपे. ती घामाघूम झाली आणि पुन्हा सोहेलकडे गेली. त्याने सांगितले की बॉक्स कायमचा चालूच राहू द्यायचा आणि त्या बटणाला फक्त टीव्हीचे काम शिकवायचे. तसे केल्यावर सगळे सुरळीत झाले.

आता एकच अडचण उरली. माझी बटणे शालूबाईंना ओळखायची कशी? त्यावर त्यांनी स्वतःच उपाय काढला. त्यांनी चाळीस वर्षे पैंजणांना घुंगरू जोडायचे काम केले होते. देवळीतली एक डबी त्यांनी मागून घेतली. तिच्यात चांदीचे रवे होते, खसखशीपेक्षा थोडे मोठे, भरीव दाणे. अनुजाने ते डिंकाने माझ्या बटणांवर चिकटवले. चालू-बंदला एक, आवाजाला दोन, चॅनेलला तीन. शालूबाईंनी अंगठा एकदाच माझ्यावरून फिरवला. त्यानंतर कोणते बटण कुठे, हे त्यांनी कधीही विचारले नाही.

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते. दुपारी बारा वाजता त्या पाककृतींचा कार्यक्रम लावत आणि त्यातल्या बाईशी भांडत. रस्सा करताना ती बाई चमचाभरच तिखट घाली, आणि ते शालूबाईंना मुळीच पटत नसे. गल्लीतल्या बायका आल्या, की त्या माझ्याकडून जुनी गाणी लावून घेत. मी त्यांच्या उशाशी झोपत असे. "ह्यो माझं ऐकतोय," असे त्या अनुजाला कौतुकाने सांगत. एवढी मोठी शाबासकी मला कुणी दिली नव्हती.

दिवाळीनंतर मात्र काहीतरी बिघडले. शालूबाई खाटेवर बसून मला दाबत. टीव्ही सुरू होई, पण चॅनेल काही केल्या बदलत नसे. आदल्या दिवशी विजयसिंहने जे लावून ठेवले असेल तेच दिवसभर चाले. बहुतेक वेळा त्या हिंदी बातम्या असत आणि त्यांत चार माणसे एकाच वेळी बोलत. शालूबाईंनी संध्याकाळी मुलाला सांगितले. त्याने मला हातात घेतले, टीव्हीसमोर उभे राहून तीन रव्यांचे बटण दाबले आणि चॅनेल लगेच बदलला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच रडगाणे. त्याने नवे सेल घातले. तरी खाटेवरून मी चालेना, आणि तो उभा राहिला की चाले.

मग तो मला सोहेलकडे घेऊन गेला. सोहेलने माझे तोंड मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरले. डोळ्यांना न दिसणारा माझा उजेड त्या पडद्यावर दिसतो. बटण दाबताच तिथे जांभळा ठिपका लुकलुकला. रिमोटला काहीही झालेले नाही, असे सोहेलने सांगितले.

रिमोट चांगला म्हटल्यावर दोष कुणाकडे जाणार? विजयसिंह वाईट माणूस नव्हता. तो घाबरला होता. आज टीव्हीचे बटण चुकते, उद्या गॅसचे चुकले तर, असे त्याला वाटू लागले. त्या संध्याकाळी तो खाटेच्या कडेला बसला.

"आई, तुझ्या हातनं चुकायला लागलंय आता," तो म्हणाला. "जयसिंगपूरला संयोगिताकडं ऱ्हा. तिच्यात दिवसभर माणसं असत्यात."

संयोगिता त्यांची मुलगी. ती येत्या रविवारी न्यायला येणार, हेही फोनवर ठरून गेले होते. शालूबाईंनी नाही म्हटले नाही. "बघू," एवढेच म्हणाल्या. अनुजाने त्यांची लुगडी घडी करून पिशवीत भरली, पण तिचा चेहरा उतरला होता. मित्रांनो, त्यांचे बोट एकदाही चुकले नव्हते, हे मला ठाऊक होते. प्रत्येक वेळी त्यांनी बरोबर तेच बटण दाबले होते आणि प्रत्येक वेळी मी लुकलुकलो होतो. पण माझी साक्ष कुणाला दिसणार? त्यांची बाजू सांगायला घरात मी एकटा होतो, आणि मला माणसांच्या भाषेत बोलता येत नव्हते.

शनिवारी घर रिकामे झाल्यावर शालूबाई मला हातात घेऊन बसल्या. पैंजणाची साखळी कुठे अडकली, तर त्या एकेक कडी बोटांनी तपासत पुढे जात. तसेच त्यांनी आता केले. खाटेच्या उशाकडे बसून बटण दाबले. आवाज तोच राहिला. वीतभर सरकल्या, पुन्हा दाबले. पुन्हा सरकल्या. अगदी पायथ्याला पोहोचल्यावर बातम्या थांबल्या आणि गाणे लागले. परत उशाकडे आल्या, तर मी पुन्हा निकामी. मग त्या उभ्या राहिल्या. उभ्याने मी चाललो.

भिंतीला हात लावत त्या टीव्हीखालच्या फळीपाशी गेल्या. चॅनेल बदलणारा फळीवरचा बॉक्स त्यांना सापडला. त्याच्या पुढ्यात, खाटेच्या बाजूला, काहीतरी उंच आणि गार होते. खाली लाकडाचा जाड ठोकळा, वर काच. ही वस्तू त्यांच्या ओळखीची नव्हती. त्यांनी ती हातभर बाजूला केली, भिंत धरत खाटेवर परत आल्या आणि नेहमीच्या जागी बसून बटण दाबले. पाककृतीवाली बाई बोलू लागली. माझा उजेड इतके दिवस त्या लाकडावरच अडत होता.

मला वाटले, आता त्या कार्यक्रम ऐकत बसतील. पण त्या उठल्या, परत फळीपाशी गेल्या आणि ती वस्तू होती तिथेच ठेवून आल्या. मग टीव्ही बंद करून संध्याकाळची वाट बघत बसल्या.

विजयसिंह घरी आला, चहा झाला, तेव्हा त्यांनी त्याला हाक मारून खाटेवर आपल्या जागी बसवले आणि मला त्याच्या हातात दिले.

"दाब आता."

त्याने दाबले. काहीच झाले नाही. त्याने आणखी दोनदा दाबले. शालूबाईंनी त्याला उभे राहायला सांगितले. उभ्याने दाबताच चॅनेल बदलला. तो पुन्हा बसला, पुन्हा दाबले आणि मग त्याने मान वर करून फळीकडे पाहिले. अनुजाही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. विजयसिंह उठला आणि बॉक्ससमोरची ती वस्तू घेऊन आला. शालूबाईंनी हात पुढे केला. तिच्या काचेवर कोरलेली अक्षरे त्यांच्या बोटांना लागली.

"काय हाय ह्ये?"

"सन्मानचिन्ह हाय," तो हळूच म्हणाला. "पंधरा वर्सं एकबी अपघात होऊ दिला न्हाय म्हणून कारखान्यानं दिलं. दिवाळीत."

"मला सांगिटलं न्हाईस."

"तुला दिसत न्हाय म्हणून..."

"दिसत न्हाय," शालूबाई म्हणाल्या. "ऐकू येतंय की मला."

मग विजयसिंहने खाली बसून ती सगळी अक्षरे त्यांना वाचून दाखवली. शेवटी त्याचे नाव होते. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावले. समारंभ कुठे झाला, हातात कुणी दिले, कोण कोण टाळ्या वाजवायला होते, हे सगळे विचारून घेतले. जेवणे होईपर्यंत मायलेकांचे तेच बोलणे चालू होते आणि मी खाटेवर पडून ऐकत होतो. रविवारी संयोगिता आली, जेवली आणि संध्याकाळच्या बसने एकटीच परत गेली.

मित्रांनो, या गोष्टीला आता पाच वर्षे झाली. माझे मागचे झाकण हरवले आहे आणि सेल पडू नयेत म्हणून मला रबरबँड लावलेला आहे. एकदा संपलेले सेल पोटात तसेच राहिल्याने माझी तार गंजली होती. अनुजाने ती घासून साफ केली, म्हणून मी वाचलो. तुमच्या घरातल्या रिमोटचे संपलेले सेल वेळीच काढा, एवढी विनंती मी स्वतःसाठी करतो.

दुसरी विनंती माझ्यासाठी नाही. घरातले थकलेले माणूस "हे चालत नाही" म्हणाले, तर लगेच त्याच्या हाताला दोष देऊ नका. ते जिथे बसते तिथे जाऊन बसा आणि तिथून एकदा बटण दाबून पाहा. आणि घरात काही नवे आणून ठेवलेत, तर ते काय आहे आणि कशासाठी मिळाले, हे त्याच्या शेजारी बसून त्याला सांगा.