लाल मातीतला चुना

चोप्रासाहेबांनी सहीसाठी पुढे केलेला कागद हेमलताबाईंनी वाचला आणि पेनाला टोपण लावलं. कागदात म्हटलं होतं, गुडगावच्या रस्त्यालगतच्या सरकारी जंगलपट्टीतली जांभळाची झाडं रोगट आहेत, तोडायला हरकत नाही. नव्या वसाहतींसाठी रस्ता रुंद व्हायचा होता. पंच्याण्णव साल, सगळ्यांनाच घाई झाली होती.

"रोग नहीं है, साहब," त्या म्हणाल्या. "चूना मैंने डलवाया था."

चोप्रासाहेबांच्या केबिनमध्ये मी फायली घेऊन उभा होतो. बाई आमच्या माती तपासणी प्रयोगशाळेत सहायक, मी कारकून, दोघंही दिल्लीतल्या आर. के. पुरमहून एकाच बसने येणारे. बाईंचं प्रमोशन महिन्यावर आलेलं, आणि या आपल्याच पायावर धोंडा पाडून घेत होत्या. मला त्यांचा रागच आला.

झालं होतं असं. बाई दापोलीच्या. तिकडे लाल माती म्हणजे आंबट माती, तिला चुना द्यायचा, हे त्या लहानपणापासून बघत आलेल्या. दोन वर्षांपूर्वी ही झाडं खुरटली म्हणून मातीचे नमुने आले, तेव्हा तपासणीचं यंत्र दुरुस्तीला गेलं होतं. अरवलीची माती लालभडक दिसली आणि बाईंनी न तपासताच चुना आणि युरिया लिहून दिला. इथल्या मातीत चुना मुळातच भरपूर. त्यात ही भर पडल्यावर मुळांना लोह मिळेना, पानं पिवळी पडली.

साहेबांनी समजावलं की आता हे कोण विचारतंय, सही करून मोकळ्या व्हा. बाईंनी पंधरा दिवस मागून घेतले.

दुसऱ्या दिवशी पाण्यात हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, विरघळवून त्यांनी दहा झाडांच्या एकेका फांदीवर फवारली. साडीवर गंजासारखे डाग पडले. मला राहवलं नाही.

"बाई, कुणाला कळलंही नसतं."

"अहो श्रीरंग, माझी चूक मी त्या झाडांच्या नावावर कशी लिहू?"

पंधरा दिवसांनी साहेब स्वतः आले. पिवळ्या झाडांवर तेवढ्या दहा फांद्या हिरव्या होत्या. ते सही न झालेला कागद परत घेऊन गेले. रस्ता पलीकडच्या बाजूने रुंद झाला. बाईंकडून लेखी खुलासा मागवला गेला, आणि प्रमोशन त्यांच्या हाताखाली शिकलेल्या माणसाला मिळालं. त्याला पहिला पेढा बाईंनीच भरवला. मला तेवढं जमलं नसतं, हे मी कबूल करतो.

मग दर रविवारी बाई खुरपं घेऊन पट्टीत. प्रत्येक बुंध्याभोवतीची माती उकरून त्यात शेणखत आणि हिराकस घालायच्या. तिसऱ्या रविवारी लाजेकाजेने मीही गेलो.

दुसऱ्या वर्षी जूनमध्ये तिथेच एक म्हातारी जांभळांची टोपली घेऊन बसली होती. बाईंनी पावशेर घेतली. झाडांची निगा कोण ठेवतं, मी मुद्दामच विचारलं.

"सरकारी पेड़ हैं, भैया. कौन देखता है? अपने आप होते हैं."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाईंनी माझ्या हातावर जांभळं ठेवली.

"अच्छा," त्या म्हातारीला म्हणाल्या, आणि एक जांभूळ तोंडात टाकून बसची वाट बघत उभ्या राहिल्या.