दोनशे एकावं नाव

मी संगणक बोलतोय, सिल्वासाजवळच्या मसाटच्या प्लॅस्टिक कारखान्यातला. माझा पडदा फुटलाय, त्यामुळे आता नुसतं ऐका.

१९९१ साली मला ऑफिसच्या टेबलावर बसवलं. टोकरखाड्याहून सुनंदा माझ्यावर काम करायला येई. तिचे वडील कोकणातून सरकारी नोकरीसाठी सिल्वासात आलेले. तिला कामगारांच्या हजेरीचा प्रोग्रॅम लिहायचा होता. त्यासाठी आधी कंपायलर निवडायचा, म्हणजे तिचं लिखाण मला समजेल असं करून देणारा. तिच्याकडे दोन होते, एक पास्कल भाषेचा, एक सी भाषेचा.

दोन्ही तिने चालवून पाहिले. पास्कलचा प्रोग्रॅम आखलेल्या जागेबाहेर गेला की तिथेच थांबे आणि चूक दाखवी. सीचा कुठेच अडत नसे, भराभर पळे.

"सारखं थांबणारं यंत्र मालकांना दाखवू कसं, सुनंदाताई?" मॅनेजर प्रभाकर म्हणाले.

"सीच घेते. तपासायचं मी बघेन," ती म्हणाली.

तिने दोनशे नावांची जागा आखली, पण ती भरली का हे तपासणं तिच्याकडून राहून गेलं. होळीनंतर दोनशे एकावा कामगार लागला. त्याचं नाव शेजारच्या हजेरीच्या खणात घुसलं. तिथे पहिली नोंद सुकदेवची, कारखान्यातल्या सगळ्यांत जुन्या माणसाची. त्याचे एकवीस दिवस पुसले गेले. मला कळत होतं, पण मी थांबलो नाही. थांबायचं मला कुणी सांगितलंच नव्हतं.

यादी हातात घेऊन नुकत्याच आलेल्या मुकादम नथूने सुकदेवची गचांडी धरली. "महिनाभर गायब आणि आज तोंड वर करून आलास?"

"मी रोज येऊन राह्यलो, भाऊ! पोरांना विचार ना!"

"मग कंप्यूटर झूठ बोलतो काय?"

नथूने लोखंडी सळई घातली. सुकदेवचा डावा हात कोपरात मोडला. तो आवाज मला खिडकीतून ऐकू आला.

मग पाळीतले सगळे कामगार ऑफिसवर चालून आले. दार उखडलं. नथू आत पळाला होता. त्याला त्याच्याच सळईने इतकं मारलं की डोळा गेला. प्रभाकर मागच्या दाराने पसार झाले. कुणीतरी सुनंदाची वेणी धरून तिचं डोकं कपाटावर आपटलं. कपाळातून रक्त वाहत असताना ती ओरडली, "चूक माझी आहे! सुकदेवदादा रोज येत होते!"

ते ऐकून माणसं जास्तच पिसाळली. एकाने तिच्यावर सळई उगारली. तेवढ्यात सुकदेव गर्दी सारून पुढे आला. धड असलेल्या उजव्या हातात मोठा पाना होता.

"बाईले सोडा!" तो गरजला, आणि पाना माझ्या तोंडावर घातला. एकदा, दोनदा, तीनदा. काचा उडाल्या. माझ्यातून धूर निघाला, तशी माणसं मागे सरली.

पुढे सुनंदाने नव्या संगणकावर पास्कलमध्ये प्रोग्रॅम लिहिला. तो मधेच थांबला की कामगार मुकाट्याने तिची वाट पाहत, असं ऐकलंय.

मी सात वर्षं गोदामात आहे. उद्या भंगारवाला तांब्याच्या तारांसाठी मला फोडणार. त्याची तक्रार नाही. तुमचं यंत्र कधी अडलं, तर त्याच्यावर चिडू नका. कुठे अडलं ते बघा. मला अडता आलं नाही. येतो.